इंटरव्हलनंतर पकडेल

सिनेमा वाईट निघाला की सगळ्यात जास्त हाल होतात ते तिकिटं काढणाऱ्याचे. बाकीच्यांचं बरं असतं. त्यांना जांभया देता येतात, मोबाइल काढता येतो, 'कुणी सांगितलं होतं या पिक्चरला यायला?' असं दर दहा मिनिटांनी मोकळेपणाने विचारता येतं. ज्याने सांगितलं होतं त्याला मात्र यातलं काहीच करता येत नाही. पडद्यावर जे काही चाललंय त्याचं वकीलपत्र तिकिटांबरोबरच त्याच्या हातात पडलेलं असतं. कथेत भोकं पाडली लेखकाने, पैसे उडवले निर्मात्याने, अभिनय करायचं राहून गेलं नटाकडून. आणि या तिघांच्या वतीने अंधारात कुजबुजत 'थांबा जरा, इंटरव्हलनंतर पकडेल' असा युक्तिवाद हा करत बसलेला. फी नाहीच. वर पॉपकॉर्नचे पैसेही यानेच भरायचे.

आमच्या घरातली ही वकिली वडिलोपार्जित आहे. बाबा पोर्ट ट्रस्टात होते. लग्न नवं होतं तेव्हा ते आईला 'मेरा नाम जोकर'ला घेऊन गेले. डिसेंबर १९७० मध्ये आलेला तो सिनेमा चार तासांच्या वर चालायचा आणि त्याला दोन इंटरव्हल होते. पहिल्या इंटरव्हलला आईने वडा खाल्ला. दुसऱ्या इंटरव्हलला दिवे लागल्यावर ती पदर सावरून उठली आणि म्हणाली, "चला, छान होता." बाबांनी तिला खाली बसवलं. "अजून एक भाग आहे. पैसे तिन्ही भागांचे दिलेत." हे वाक्य आमच्या घरात पुढे लग्नापासून बारशापर्यंत सगळीकडे वापरलं गेलं. सिनेमा तेव्हा आपटला, राज कपूर कर्जात गेला, १९७३ च्या 'बॉबी'ने त्याला बाहेर काढलं. नंतर जाणकार लोक 'जोकर'ला थोर म्हणू लागले, तेव्हा बाबांनी आईकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. घराण्यातली जिंकलेली अशी ही एकच केस. निकाल लागायला वीसेक वर्षं लागली, पण लागला.

माझं रेकॉर्ड इतकंही बरं नाही. १९९३ मध्ये 'रूप की रानी चोरों का राजा' आला तेव्हा 'इतकी वर्षं बनतोय म्हणजे काहीतरी असणारच' या तर्कावर मी कॉलेजातला अख्खा ग्रुप नेला होता. त्या तर्काने आमच्या रे रोडचे रस्तेसुद्धा जागतिक दर्जाचे ठरले असते. २००७ मध्ये पोराला आईकडे ठेवून बायकोला 'राम गोपाल वर्मा की आग'ला नेलं. 'शोले' पुन्हा बनवलाय, 'शोले'त काय बिघडणार? अर्ध्या तासात ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मी म्हणालो, "अगं, १९७५ मध्ये खरा 'शोले' आला तेव्हाही सुरुवातीला लोक पडला पडला म्हणत होते. मग मिनर्वाला पाच वर्षं चालला." 'शोले'च्या नकलेला वाचवायला 'शोले'चाच दाखला देणारा वकील मुंबईत दुसरा झाला नसेल. बायको म्हणाली, "हा पाच वर्षं चालला तरी आपण आत्ता निघू या." निघालो नाही. पैसे दोन्ही भागांचे दिले होते.

यात थोडा दोष काळाचाही आहे, असं मी अधूनमधून स्वतःला सांगतो. रे रोडच्या माणसाला सिनेमा म्हणजे बाहेरगाव. सिनेमाला जायचं तर लालबागचं 'भारतमाता' नाहीतर थेट दादर. त्या थेटरांत वाईट सिनेमा हा एकट्याचा प्रश्न नसायचा. नायिका रडायला लागली की पुढच्या रांगेतून कुणीतरी "अगो, पुरे झाला, पाणी भरूक जावचा हा" असं ओरडायचं आणि अख्खं थेटर हसायचं. शेवटाला व्हिलन मेला की शिट्ट्या पडायच्या, त्या त्याच्या मरणाला की सिनेमा संपल्याच्या आनंदाला ते कळायचं नाही. अर्धा सिनेमा पडद्यावर आणि अर्धा स्टॉलमध्ये. म्हणून तर कांती शाहचा १९९८ चा 'गुंडा' आजही पोरं रात्र रात्र जागून बघतात. तो इतका मनापासून वाईट आहे की त्यातला प्रत्येक यमक जुळवलेला संवाद तोंडपाठ करावासा वाटतो. खरा धोका त्या सिनेमांचा नाहीच. महागड्या, चकचकीत, सभ्य वाईट सिनेमाचा आहे. तो अशा ठिकाणी लागतो जिथे खुर्ची मागे झुकते, थंडी वाजते आणि कुणी ओरडत नाही. तिथे वकील एकटा पडतो.

असा मी एकटा पडलो तो ८ नोव्हेंबर २०१८ रोजी. दिवाळीचा पाडवा.

पाडव्याला नवऱ्याने बायकोला ओवाळणी घालायची असते. साडी तिला माझ्या पसंतीची चालत नाही, सोनं मला परवडत नाही. त्यामुळे त्या वर्षी मी आधीच जाहीर केलं की ओवाळणीत सिनेमा. तिचा चेहरा उजळला. "'घाणेकर' ना? सुबोध भावेचा?" 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' त्याच दिवशी लागणार होता. आईही स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने घाणेकरांचा संभाजी 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये बघितलेला, 'अश्रूंची झाली फुले'तला लाल्या बघितलेला. दाताचा डॉक्टर असलेला हा माणूस रंगमंचावर आला की बायका कशा वेड्या व्हायच्या हे सांगताना ती स्वतः सत्तरीतून विशीत गेली. घरात एवढं एकमत क्वचित होतं.

आणि मी म्हणालो, "घाणेकर काय, टीव्हीवर पण येईल. 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' मोठ्या पडद्यावरच बघायला हवा."

या वाक्याला मी वर्तमानपत्रांचा पुरेसा आधार दिला होता. अमिताभ आणि आमीर पहिल्यांदाच एकत्र. दोनशे कोटींच्या वर खर्च. माल्टाला जाऊन दोन अवाढव्य जहाजं खास बांधून घेतलेली. एवढ्यावरही बायको गप्प आहे हे बघून मी शेवटचं अस्त्र काढलं, "संगीत अजय-अतुलचं आहे. म्हणजे मराठीच की." तिने निरांजन खाली ठेवलं. ओवाळून झालं होतं, त्यामुळे आता काही बोलता येत नव्हतं. मी ताटात तिकिटं टाकली. ओवाळणी परत करायची पद्धत नाही, हे चांगलं आहे.

जहाजांचा उल्लेख मी मामासाठी केला होता. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, सगळं आयुष्य रे रोडच्याच दारूखान्यात जहाजं फोडण्यात गेलेला. गॅसकटर हातात घेऊन लागला आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज ओढून किनाऱ्याला लावायचं आणि मग वरच्या मजल्यापासून खाली कापत यायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या घरात भिंतीवरचं घड्याळ, पितळी दिवा, जेवायचं टेबल, सगळं कुठल्या ना कुठल्या परदेशी बोटीवरचं. लोक ताजमहाल बघून कविता करतात, मामा त्याचं वजन काढेल. मला वाटलं, जहाजांचा सिनेमा, माणूस खूश होईल.

गिरण्यांच्या जागी जे मॉल उभे राहिले त्यातल्या एकात आमचा शो होता. टॅक्सीत आईच्या मांडीवर मोठी पिशवी होती. त्यात काय आहे हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दाराशी सुरक्षारक्षकाने ती उघडली तेव्हा कळलं. चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि स्टीलच्या डब्यात करंज्या.

"बाहेरचं आत न्यायला परवानगी नाही."

"आहे," आई म्हणाली. "मंत्र्यांनी सांगितलंय. १ ऑगस्टपासून."

आई पेपर बारकाईने वाचते. त्याच वर्षी जुलैत राज्यमंत्री रवींद्र चव्हाणांनी विधिमंडळात तसं सांगितलं होतं हे खरं. पॉपकॉर्नच्या भावावरून आंदोलनंही झाली होती. पुढे उच्च न्यायालयात सरकारनेच सुरक्षेचं कारण पुढे करून सूर बदलला, पण ती बातमी बहुधा त्या दिवशी आली असावी ज्या दिवशी आईने पेपर रद्दीत घातला. रक्षक बिचारा कोकणातलाच निघाला. त्याने पिशवी काउंटरच्या आड ठेवून घेतली आणि आईने त्याला दोन करंज्या दिल्या. तो खाताना म्हणाला, "आजी, पिक्चरमध्ये काय नाय, तुमी हयच बसा." हा त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा माणूस. तिकिटाचा दर मी सांगत नाही, सणाचा चढवलेला होता. एका तिकिटात आईच्या गुडघ्यांची महिन्याची औषधं आली असती.

सिनेमा सुरू झाला. साल १७९५, ईस्ट इंडिया कंपनी, किल्ला, दगाफटका. पहिली पंधरा मिनिटं मी निश्चिंत होतो. मग जहाज आलं. खरंच अवाढव्य होतं, शिडंबिडं लावलेलं. मी मामाच्या बाजूला झुकून म्हणालो, "बघ."

मामाने चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. "लाकडाचा आसा."

"हो, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचं ना."

"ह्येच्यातसून काय गावाचा नाय. तांब्याचे खिळे, बस."

तिथून पुढे मामासाठी तो सिनेमा राहिला नाही, तो माल होता. लढाईत तोफा सुटल्या की तो "ओतीव" असं पुटपुटायचा. साखळदंड दिसला की "ह्यो बरो आसा". खुदाबक्ष झालेला अमिताभ, वयाच्या शहात्तरीत, एवढं जड चिलखत घालून उड्या मारत होता, त्याच्याकडे बघून मामा म्हणाला, "त्या चिलखताचा वजन दहा किलो तरी. बिचारो." अख्ख्या सिनेमात त्याला जी एक गोष्ट मनाला लागली ती ही.

चिरंजीव तेरा वर्षांचे. त्यांनी आमीर गाढवावरून आला तिथपर्यंत कळ काढली आणि मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाबा, हा 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आहे ना?" मी म्हणालो, "नाही, हा आपला आहे." "पण टोपी तीच आहे." मुलाच्या पिढीला दाखले देता येत नाहीत. त्यांनी मूळ बघितलेलं असतं.

मधे एका स्फोटात खुदाबक्ष गेल्यासारखं दाखवतात. बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "संपलं?"

"छे. येईल तो परत."

"तुम्हाला काय माहीत?"

"दोनशे कोटी खर्चून अमिताभला कोण मारेल?"

तो परत आला. त्या दुपारी माझी खरी ठरलेली ही एकच गोष्ट, आणि त्याबद्दल कुणी माझं अभिनंदन केलं नाही.

इंटरव्हलमध्ये दिवे लागले. सगळे एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत होते, जिथे सिमेंटची जाहिरात चालली होती. आई म्हणाली की निदान हे तरी कळतंय. मी पॉपकॉर्न आणायला गेलो आणि मुद्दाम रांगेत हळू हळू सरकलो. परत आलो तर मामा विचारात पडलेला.

"किती म्हणालास खर्च?"

"दोनशे कोटींच्या वर, म्हणतात."

मामा हसला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "विक्रांत साठ कोटीत इली."

इथे मला मान्य करायला हवं की या मुद्द्याला उत्तर नव्हतं. 'आयएनएस विक्रांत', आपली पहिली विमानवाहू नौका. १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिची विमानं उडाली, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मग कित्येक वर्षं तिच्यावर संग्रहालय होतं, आणि २०१४ मध्ये साधारण साठ कोटींना विकली जाऊन ती आमच्या दारूखान्यात फुटायला आली. मामा तेव्हा निवृत्त झालेला होता. तरी रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिकडे जाऊन उभा राहायचा. कटर चालवणाऱ्या पोरांना लांबूनच सूचना द्यायचा. तिच्या पोलादाचा काही भाग वापरून पुढे बजाजने 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली, तर मामा रस्त्यात उभ्या असलेल्या अनोळखी गाडीच्या टाकीवरून हात फिरवायला लागला. एकदा मालकाने चोर समजून धरलाही.

"खरी," मामा पुढे म्हणाला. "युद्ध केलेली. साठ कोटी. आणि ह्यो लाकडाचो खोको दोनशे कोटी."

"मामा, ती दोन जहाजं आहेत."

"आणि ती आता फोडतत खंय?"

माल्टात फोडतात की ठेवतात, मला काय ठाऊक? पण वकिलाने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. मी म्हणालो, "आता पकडेल बघ." समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या शेजारी बायको, दोन मुलं आणि बहुधा सासूबाई होत्या. आमची नजरानजर झाली. तोही तिकिटं काढणारा होता हे मला लगेच कळलं. त्याने हळूच विचारलं, "खरंच पकडेल?" मी मान डोलावली. आपल्या धंद्यातल्या माणसाला खचू द्यायचं नाही.

पुढचा भाग सांगत नाही, कारण चिरंजीव झोपले, आई आपल्या करंज्या सुखरूप असतील ना या काळजीत होती आणि मी स्वतः पडद्यापेक्षा बायकोच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती अतिशय शांतपणे, शेवटचं नाव येईपर्यंत बसून राहिली. बाबांचा नियम तिने इतक्या काटेकोरपणे पाळलेला मी कधी बघितला नव्हता. अंधारात एकदा तिने विचारलं, "यातलं अजय-अतुलचं कुठलं?" मी म्हणालो, सगळंच. ती म्हणाली, "असं." तिकिटांचे पैसे परत मागण्याइतकं वजन त्या एका शब्दात होतं.

बाहेर आल्यावर कुणी काही बोललं नाही. पिशवी परत मिळाली. चकल्या थोड्या कमी होत्या, पण आईने हिशेब विचारला नाही. टॅक्सीत चिंचपोकळीपर्यंत सगळे चकल्या खात होते. टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "ठग्स देखा क्या, साब? कैसा है?" चार माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली.

"मोठ्या पडद्यावर बघण्यासारखा आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. लहान पडद्यावर तो कुणी बघितलाच नसता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की सिनेमाने पहिल्याच दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला जमवून हिंदीतला विक्रम केला. मी ती बातमी मोठ्याने वाचली. त्या पन्नास कोटींत आपलेही पैसे आहेत, असं म्हणून मी जरा वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. झालं नाही.

मग भाऊबीजेला मेव्हणा आला. ओवाळून झालं, जेवण झालं, तो सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, "भाओजी, रविवारी पोरांना घेऊन 'ठग्स'ला जायचं म्हणतोय. तुम्ही बघितला ना?" बायको आत गेली. तिला भावाला वाचवता आलं असतं, पण तिने मुद्दाम मला संधी दिली, हे मी आता सांगू शकतो. माणसाच्या मनाचा एक कोपरा फार घाणेरडा असतो. पडलेला माणूस उठायच्या आधी शेजारी दुसरा पडलेला बघू इच्छितो. मी म्हणालो, "जा की. जहाजं जबरदस्त आहेत."

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. मागे गलबला, पॉपकॉर्नच्या यंत्राचा आवाज, पोरांची रडारड.

"भाओजी, इंटरव्हल झालाय."

"मग?"

"पुढे काय आहे?"

मी खिडकीशी गेलो. खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण तिकडे एका तरुण सहकाऱ्याची केस उभी होती, त्याची बायको त्याच्याकडे बघत असणार. "पकडेल," मी म्हणालो. "अमिताभ परत येतो." त्याने फोन ठेवला. पुढे संक्रांतीपर्यंत तो आमच्याकडे आला नाही.

त्याच आठवड्यात बायको, आई आणि मामा दादरला जाऊन 'घाणेकर' बघून आले. मला विचारलं नाही. पाणी भरायला घरी कुणीतरी हवं होतं. तिघंही रडून लाल डोळ्यांनी परतली. मामा दारातच म्हणाला, "ह्येका पिक्चर म्हणतत," आणि मग कितीतरी वेळ आईला शिवाजी मंदिरच्या जुन्या प्रयोगांबद्दल विचारत बसला. कुणाचं कसलं वजन काढलं नाही. मी चहा ठेवला, तो तिघांनी घेतला. साखर कमी आहे असंही कुणी म्हणालं नाही, इतके ते आनंदात होते.

महिना संपता संपता पेपरात आणखी एक बातमी आली. बायको ती चहाच्या वेळी वाचत होती.

"अहो, आमीर खानने माफी मागितली."

"कुणाची?"

"लोकांची. एवढ्या अपेक्षेने आलात आणि निराश झालात, सगळी जबाबदारी माझी, म्हणतोय."

"मोठ्या मनाचा माणूस आहे," मी म्हणालो.

"आहे ना." तिने पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघत राहिली. आईनेही माळेचा मणी सरकवायचा थांबवला. चिरंजीवांनी एका कानातली वायर काढली.

मी चहाचा घोट घेतला. बशी पुसून ठेवली.

"डिसेंबरात शाहरुखचा 'झीरो' येतोय," मी म्हणालो. "ट्रेलर बघितलात का कुणी?"